आपत्तीनंतरची स्वच्छता आणि न्याय्य वाटप

ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णा व पंचगंगा या नद्यांना आलेल्या महापुराने सांगली व कोल्हापूर जिल्ह्यांना वेढले, तेव्हा एक जुनेच सत्य पुन्हा प्रत्ययास आले. महापुरात चहूकडे पाणीच पाणी असते. परंतु पिण्यास व हात धुण्यास योग्य असे पाणी मात्र दुर्लभ होते. विहिरी व हातपंप गढूळ पाण्याखाली जातात, नळयोजनांची पंपगृहे बुडतात आणि शौचालये निरुपयोगी ठरतात. त्या वर्षी कोल्हापूरनजीकचा पुणे-बंगळूर महामार्ग कित्येक दिवस बंद होता आणि शिरोळ तालुक्यातील अनेक गावांना होडीवाचून मार्ग उरला नव्हता. अशा वेळी धान्य व शिजवलेले अन्न यांची आठवण सर्वांना होते. साबण, बादली, झाकणाचे भांडे आणि स्त्रियांना लागणारे कापड वा पॅड यांची आठवण मात्र उशिरा होते.

हा उशीर महागात पडतो. अतिसार, कावीळ, विषमज्वर व पटकी हे रोग दूषित पाणी आणि न धुतलेले हात यांच्यामार्फत पसरतात. २६ जुलै २००५ च्या अतिवृष्टीनंतर मुंबईत साचलेल्या पाण्यातून चालावे लागलेल्या लोकांमध्ये लेप्टोस्पायरोसिसची साथ उद्भवली होती. म्हणजेच पुरातून वाचलेला माणूस पूर ओसरल्यानंतर रोगाने दगावू शकतो. म्हणूनच साबणाची वडी ही चैनीची वस्तू नसून औषधाइतकीच निकडीची वस्तू होय.

कायदा काय सांगतो?

आपत्ती व्यवस्थापन अधिनियम, २००५ च्या कलम १२ नुसार निवारा, अन्न, पिण्याचे पाणी, वैद्यकीय मदत आणि स्वच्छता यांची किमान मानके ठरविण्याची जबाबदारी राष्ट्रीय प्राधिकरणावर आहे. राज्यांना आपली मानके ठरविता येतात. परंतु ती राष्ट्रीय मानकांहून कमी असता कामा नयेत. कलम ६१ तर अधिकच स्पष्ट आहे. मदत देताना लिंग, जात, समाज, वंश वा धर्म यांवरून भेदभाव करता येणार नाही, असे ते बजावते. तात्पर्य, आपद्ग्रस्तांना मिळणारी मदत हा उपकार नव्हे. तिची पातळी आणि तिच्या वाटपाची रीत ही दोन्ही कायद्याने बांधलेली आहेत.

राष्ट्रीय प्राधिकरणाने २०१६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार निवारा केंद्रात दरडोई दररोज ३ लिटर पिण्याचे पाणी, स्नान व शौचासाठी १५ लिटर पाणी आणि ३० माणसांमागे १ शौचालय असावे. स्त्रियांसाठी शौचालय व न्हाणीघर वेगळे असावे, तसेच त्यांना सॅनिटरी पॅड पुरवावेत. ‘स्फिअर’ या आंतरराष्ट्रीय मानकांत दरडोई दरमहा २५० ग्रॅम अंगाचा व २०० ग्रॅम कपड्यांचा साबण सांगितला आहे. पाणी आणण्यासाठी एक व साठविण्यासाठी एक, अशी दोन भांडी प्रत्येक कुटुंबाला हवीत.

हिशेब आधी, वाटप नंतर

समजा, एखाद्या शाळेतील निवारा केंद्रात ४०० माणसे आहेत. वरील मानकांप्रमाणे तेथे दररोज ७,२०० लिटर पाणी आणि किमान १४ शौचालये लागतील. केंद्र १० दिवस चालल्यास सुमारे ६० किलो साबण लागेल. त्यांपैकी १०० स्त्रिया व मुली मासिक पाळीच्या वयाच्या असल्यास, दरमहा १५ पॅड या मानाने १,५०० पॅड हवेत. हा हिशेब एका कागदावर मावतो. तो पावसाळ्यापूर्वीच करून ठेवला तर साठा कोठे व किती असावा, हे आयत्या वेळी शोधावे लागत नाही.

समान आणि न्याय्य

प्रत्येक घराला एकच पिशवी देणे हे समान वाटप झाले. ते न्याय्य असेलच असे नाही. तीन माणसांचे कुटुंब आणि नऊ माणसांचे कुटुंब यांना सारखाच साबण पुरत नाही. तान्हे मूल, अंथरुणाला खिळलेले वृद्ध, अपंग व्यक्ती व बाळंतीण यांच्या गरजा वेगळ्या असतात. म्हणून वाटपाचे माप घर नसून माणूस असावे आणि विशेष गरजेची नोंद यादीतच असावी.

त्याहून गंभीर प्रश्न यादीत नसलेल्यांचा आहे. मदतीचे वाहन डांबरी सडक संपते तेथे थांबते. पुढची वाडी तशीच राहते. केंद्रात न येता नातलगांकडे आसरा घेतलेली कुटुंबे, भाडेकरू, परगावचे मजूर आणि शिधापत्रिका पुरात वाहून गेलेले लोक सहज सुटतात. गावकुसाबाहेरच्या वस्तीपर्यंत वाटप शेवटी पोचत असेल, तर तेथे उरलेसुरलेच पोचते. यावर उपाय सोपा आहे: वाटपाची सुरुवात सर्वांत दूरच्या वस्तीपासून करावी आणि कागदपत्र नाही म्हणून कोणासही परत पाठवू नये. ओळख पटविण्यास अंगणवाडी सेविका, आशा कार्यकर्त्या आणि शेजारी पुरेसे असतात.

स्त्रियांच्या वस्तूंचे वाटप स्त्रियांच्याच हातून व आडोशाला व्हावे. भर रांगेत पुरुषाकडे पॅड मागण्यापेक्षा पुष्कळ मुली गप्प राहणे पसंत करतात आणि त्यांच्या मौनाचा अर्थ ‘मागणी नाही’ असा लावला जातो. ज्या कापड वापरतात त्यांना सुती कापड, जादा साबण आणि ते उन्हात वाळविण्यास आडोशाची जागा मिळावी. वापरलेल्या पॅडची विल्हेवाट लावण्याचीही सोय हवी.

गावाने काय करावे?

यादी, आलेला साठा आणि झालेले वाटप यांचा फलक केंद्राच्या दाराशी रोज लावावा. तक्रार कोणाकडे करावयाची, हे त्यावरच लिहावे. फलक वाचता न येणाऱ्यांसाठी तो सायंकाळी मोठ्याने वाचून दाखवावा. ग्रामपंचायत, महसूल कर्मचारी व स्वयंसेवी संस्था यांनी एकच यादी वापरावी. अन्यथा एका घरी तीन बादल्या आणि दुसऱ्या घरी एकही नाही, असे घडते. पाण्यात ब्लीचिंग पावडर योग्य प्रमाणात मिसळून अर्धा तास थांबावे आणि क्लोरीन शिल्लक आहे की नाही हे तपासूनच पाणी वापरावे.

पुराचे पाणी उच्चनीच न पाहता सर्वांच्या घरांत शिरते. ते ओसरल्यानंतर मदतीने मात्र माणसांत भेद केला, तर रोग वस्तीची सीमा पाळणार नाही. दूरच्या झोपडीत न पोचलेला साबण अखेरीस अवघ्या गावाला भोवतो. म्हणून न्याय्य वाटप हे दुर्बलांचे हित तर आहेच. ते साऱ्या गावाचे संरक्षणही आहे.