काळ्या पाण्याच्या शिक्षेवर गेलेल्या स्त्रिया

पांढुर्णा-सौंसरकडील आपल्या विद्यार्थ्यांपैकी बहुतेकांनी जाम नदीचा पूर पाहिला असेल. समुद्र मात्र थोड्यांनीच पाहिला असेल. आमची घरची भाषा कोकणी, त्यामुळे समुद्र आम्हांस शेजाऱ्यासारखा. ज्याने तो जन्मात पाहिला नाही अशा माणसाला त्याच्या पलीकडे कायमचे नेऊन सोडणे ही केवढी शिक्षा असेल, ह्याची कल्पना आम्हांस इकडे आल्यावरच आली.

‘काळे पाणी’ म्हणताच सावरकरांची ‘माझी जन्मठेप’ आठवते, सेल्युलर जेल डोळ्यांपुढे उभे राहते. ते योग्यच आहे. परंतु समुद्रापार धाडलेल्या कैद्यांत जगभर हजारो स्त्रियाही होत्या, आणि त्यांपैकी कित्येकींचे गुन्हे ऐकले म्हणजे हसावे की रडावे हे समजत नाही.

१७८७ च्या मे महिन्यात कैद्यांचा पहिला तांडा घेऊन अकरा जहाजे इंग्लंडहून ऑस्ट्रेलियाकडे निघाली. त्यांत एलिझाबेथ बेकफर्ड नावाची सत्तर वर्षांची म्हातारी होती. तिने बारा पौंड, म्हणजे सुमारे साडेपाच किलो, चीज चोरले होते. त्यासाठी सात वर्षांची हद्दपारी! ती बिचारी वाटेतच वारली. मेरी वेड तर शाळकरी वयाची मुलगी. रस्ते झाडून आणि भीक मागून जगणाऱ्या ह्या पोरीने दुसऱ्या एका लहान मुलीच्या अंगावरचे कपडे काढून घेतले, म्हणून १७८९ च्या जानेवारीत लंडनच्या न्यायालयाने तिला फाशी फर्मावली. पुढे राजा तिसरा जॉर्ज दुखण्यातून उठला आणि त्या आनंदात फाशीची सजा झालेल्या स्त्रियांना हद्दपारी देण्यात आली. राजाला बरे वाटले नसते तर काय झाले असते, हा विचार विद्यार्थ्यांनी स्वतःच करावा. मेरी १७९० साली सिडनीस पोहोचली, संसारात पडली आणि १८५९ पर्यंत जगली. ऑस्ट्रेलियाचे एक माजी पंतप्रधान केव्हिन रड हे तिच्याच वंशातले.

१७८८ ते १८६८ ह्या ऐंशी वर्षांत ऑस्ट्रेलियात सुमारे १,६२,००० कैदी नेले गेले; त्यांत स्त्रिया सुमारे २५,०००. आमच्या मते त्यांना नेण्यामागे केवळ न्यायबुद्धी नव्हती. वसाहतीत पुरुष फार, बायका थोड्या. घरे वसायची तर बायका हव्यात. सिडनीजवळ पॅरामॅटा येथे स्त्री-कैद्यांचा ‘कारखाना’ होता. तेथे त्या लोकर कातीत, कापड विणीत. आणि लग्नाचा उमेदवार आला की ओळीने उभ्या राहत. बाजारात बैल पारखावा तसे हे! तरीही त्या मुक्या नव्हत्या. १८२७ साली पाव-साखरेत कपात झाली तेव्हा त्यांनी दरवाजा फोडून गावातल्या पाववाल्यांची दुकाने गाठली.

आता आपल्या देशाकडे वळू. अंदमानात १० मार्च १८५८ रोजी डॉक्टर वॉकर दोनशे कैद्यांसह उतरले आणि वसाहत सुरू झाली. १८६० च्या दंडसंहितेत साध्या चोरीला जास्तीत जास्त तीन वर्षे कैद होती. त्यामुळे येथून गेलेल्या स्त्रिया चीज किंवा झबली चोरणाऱ्या नव्हत्या, बहुतेकींवर खुनाचा आरोप शाबीत झालेला असे. परंतु वसाहतीची गरज तीच होती. पोर्ट ब्लेअरला स्त्रियांचा तुरुंग निराळा होता. पाच वर्षांनंतर लग्नाची परवानगी मिळे. लग्न न केल्यास वीस वर्षे तेथेच.

हे खून कसले, ते पाहावयास पुण्यास गेले पाहिजे. १८६३ च्या सुमारास जोतीराव फुले यांचे मित्र गोवंडे यांच्या घरी काशीबाई नावाची तरुण ब्राह्मण विधवा स्वयंपाकास होती. पुण्याच्या एका शास्त्र्याने तिला फसविले. दिवस गेले, तेव्हा त्याने हात वर केले. विधवेचा पुनर्विवाह अमान्य, केशवपन मान्य, आणि मूल झाले तर वाळीत. घाबरलेल्या काशीबाईने जन्मलेल्या बाळाचा जीव घेतला. तिला जन्मठेप काळ्या पाण्याची शिक्षा झाली. शास्त्रीबुवा पुण्यातच राहिले. बाळाच्या मृत्यूचा दोष आम्ही काशीबाईवरून पुसत नाही. पण त्या खटल्यात आरोपी एकच का, हा प्रश्न आम्हांस आजही सोडीत नाही.

हाच प्रश्न बुलढाण्याच्या, म्हणजे आपल्या शेजारच्या वऱ्हाडातल्या, ताराबाई शिंदे यांनी उघड विचारला. सुरतेच्या विजयालक्ष्मी नावाच्या विधवेला अशाच गुन्ह्याबद्दल १८८१ साली आधी फाशी व मग काळे पाणी झाले, तेव्हा वृत्तपत्रांतून सगळ्या स्त्रीजातीवर चिखलफेक झाली. ताराबाईंनी १८८२ साली ‘स्त्रीपुरुषतुलना’ लिहून तिला उत्तर दिले.

जोतीरावांनी आणि सावित्रीबाईंनी मात्र काशीबाईच्या खटल्यानंतर पुस्तक लिहिले नाही; आपले घरच उघडले. विधवांनी येथे येऊन गुप्तपणे बाळंत व्हावे, मूल न्यावे किंवा ठेवावे, अशी सोय केली आणि तशी पत्रके लावली. १८८४ च्या टिपणात जोतीराव सांगतात की तोवर पस्तीस विधवा तेथे आल्या होत्या. त्या घरात जन्मलेला एक मुलगा ह्या दांपत्याने १८७४ साली दत्तक घेतला. तेच डॉक्टर यशवंत फुले. १८९७ च्या प्लेगात पुण्यात त्यांनी रोग्यांसाठी दवाखाना चालविला, आणि तेथे रोगी आणता आणता सावित्रीबाईंना प्लेग झाला.