थंडीत गिअर का अडतो?

प्रश्न : मी निफाडला राहतो. माझी वीस वर्षांची शंभर सीसीची गाडी डिसेंबरात सकाळी पहिला गिअर टाकताच ‘खट्ट’ करून पुढे उसळते, न्यूट्रल सापडत नाही. दहा मिनिटांनी सगळं सुरळीत. गिअरबॉक्स उघडावा लागेल का?

उत्तर : इतक्यात नको! गाडी तापल्यावर दोष जातो, यातच अर्धं निदान आलं. या गाड्यांत इंजिन, गिअर आणि क्लच एकाच ऑइलमध्ये असतात. गारठ्यात ते दाट होतं, क्लचप्लेटा एकमेकींना चिकटतात आणि लिव्हर दाबूनही क्लच पूर्ण सुटत नाही. खात्री करायचीय? सकाळीच, इंजिन बंद ठेवून गाडी मेन स्टँडवर लावा आणि मागचं चाक हाताने फिरवत गिअर बदला. सहज पडले, तर संशय क्लचवरच.

किक मारण्याआधी गिअर टाकून, क्लच दाबून गाडी दोन-चार पावलं पुढेमागे ढकला, प्लेटा सुटतात. लिव्हरच्या टोकाला 10 ते 20 मिलिमीटर ढील हवी; जास्त असेल तर केबल ताणून घ्या. ऑइल मॅन्युअलमधल्या ग्रेडचंच, डब्यावर ‘जासो एमए’ लिहिलेलं. कारचं उरलेलं ऑइल ओतणारे महाभाग भेटतात. त्याने क्लच घसरू शकतो. गरम इंजिनावरही गिअर अडू लागला, तर मात्र मेकॅनिककडून शिफ्ट फोर्क तपासून घ्या.