आंब्यावरची सीतेची वेणी

१. झाडावरचं सगळंच बांडगूळ नसतं. आमच्या रोह्याकडे आंबा साफ करायला गडी लावला की बांडगुळाबरोबर सीतेची वेणीही कोयत्याखाली जाते. बांडगुळाचं मूळ फांदीत घुसून रस ओढतं, तिथे गाठ येते. या ऑर्किडची जाड, पांढरट मुळं सालीला नुसती बिलगलेली असतात. पाऊस लागला की हिरवट होतात. झाडाचं काही घेत नाहीत. गड्याला हे कामाआधीच दाखवावं. कोयता चालून गेल्यावर बोलून काय उपयोग?

२. कुंडीत माती भरून लावू नये. कुजते. नर्सरीवाला काहीही सांगो.

३. वादळात पडलेली फांदी आधी न्याहाळावी, मग फोडावी. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ अलिबागजवळ किनाऱ्यावर धडकलं. ऐन फुलोऱ्याचे दिवस होते. परसात आडव्या झालेल्या आंब्यावर हातभर तुरा शाबूत लोंबत होता, पांढऱ्या पाकळ्यांवर गुलाबी-जांभळे ठिपके. सालीसकट रोप सोडवून शेजारच्या आंब्याला काथ्याने बांधलं, पूर्वेच्या अंगाला, म्हणजे सकाळचं कोवळं ऊन मिळतं आणि दुपारचं चुकतं. मुळांनी साल धरेपर्यंत हात लावायचा नाही. पेरूवर बांधू नये. त्याची साल सुटते, तिच्याबरोबर रोपही.

४. जंगलातून आणू नये. फणसाड अभयारण्य आमच्या उशाशी, मुरूड-रोहा तालुक्यांत. तिथलं रोप उचलणं १९७२ च्या वन्यजीव कायद्याने गुन्हा आहे. कायदा सोडा, हिचं बी धुळीसारखं, पोटात शिदोरी नाही, नेमकी बुरशी भेटली तरच रुजतं, मग फुलायला वर्षं जातात.

५. वासाला मोगऱ्याची अपेक्षा ठेवू नये. मंद आहे, नाक जवळ न्यावं लागतं.

६. आसामात हीच ‘कोपौ फूल’, तिथलं राज्यफूल. अरुणाचलचंही. बिहू नाचणाऱ्या मुली अंबाड्यात माळतात. पेणच्या मावशीने टीव्हीवर पाहिलं तेव्हा म्हणाली, “अगो, ही तर आपल्या आंब्यावरची!” आपलं राज्यफूल ताम्हण, देखणं, पण वासाच्या नावाने शून्य. त्याबद्दल तक्रार नाही.

७. झाड जुनं असू द्यावं. पेण-रोह्याकडे प्लॉट घेऊन आधी खडबडीत सालीचा म्हातारा आंबा पाडतात, पाम लावतात आणि मग ऑर्किडसाठी हिरव्या जाळीचा मांडव घालतात. मांडवाचा खर्च विचारला तर हौसेने सांगतात.