विंडोज ११ टाकू का? आधी सध्याचे कुठून आले ते पाहा

प्रश्न : मुलगा इंजिनीअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. २०१८ मध्ये घेतलेला घरातला लॅपटॉप तो आणि मी दोघेही वापरतो. आय-५ आठवी जनरेशन, ८ जीबी रॅम, २ जीबीचे एमएक्स-१५० ग्राफिक्स, १ टीबी हार्ड डिस्क, विंडोज १०. विंडोज ११ टाकले की व्हॅलोरंट आणि जीटीए नीट चालतील, असे त्याचे म्हणणे. ओळखीचा दुकानदार १५०० रुपयांत ‘लाइफटाइम’ विंडोज ११ आणि ऑफिस टाकून देतो म्हणतो. लॅपटॉप डॉसवर घेतला होता, तेव्हाही विंडोज त्यानेच टाकून दिले होते. मी पुढच्या वर्षी निवृत्त होतोय; नव्या गेमिंग लॅपटॉपला ७०-८० हजार घालणे आता जमणार नाही. माझे नेट बँकिंग, डीमॅट आणि रिटर्नची कागदपत्रे याच लॅपटॉपवर आहेत. अपग्रेड करताना ती उडणार नाहीत ना? (गेल्या महिन्यात जीमेलवर अनोळखी ठिकाणाहून लॉगिन झाल्याचा इशारा आला. लगेच पासवर्ड बदलला, तरी आठवड्याभरात पुन्हा आला.)
– एक वाचक, सांगली

उत्तर : पत्रातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट तुम्ही कंसात टाकली आहे. तिच्याकडे येतोच, पण गेमचे आधी उरकतो.

विंडोज १० वरून ११ वर गेल्याने या लॅपटॉपवर गेम वेगाने चालू लागतील, ही आशा सोडा. अडचण हार्ड डिस्क आणि २ जीबी ग्राफिक्सची आहे. हार्ड डिस्कच्या जागी एसएसडी बसवली की विंडोज आणि गेम उघडायला लागणारा वेळ झटकन कमी होईल. ग्राफिक्स मात्र बदलता येत नाही. व्हॅलोरंट हलका गेम आहे, तो चालेल. जीटीएची २०१५ ची आवृत्ती सेटिंग्ज खाली आणून चालेल. मार्च २०२५ मध्ये आलेली सुधारित आवृत्ती किमान ४ जीबीचे ग्राफिक्स मागते, तिचा नाद नको. रॅम वाढवली तर थोडा फरक पडेल, पण २०२५ च्या अखेरीपासून रॅमचे भाव चढले आहेत. आधी एसएसडी.

विंडोज ११ वर जायचे खरे कारण वेगळे आहे. विंडोज १० चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. नाव नोंदवले तर सुरक्षेचे अपडेट १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत मिळतात, पुढे नाही. तुमचा प्रोसेसर विंडोज ११ च्या अटींत बसतो. म्हणून जायचेच, फक्त त्या १५०० रुपयांच्या वाटेने नाही.

तुम्ही विचारायला हवे होते ते हे : आत्ता जे विंडोज चालू आहे, ते कोणाचे? सेटिंग्जमध्ये ‘अपडेट अँड सिक्युरिटी’ उघडा आणि ‘ॲक्टिव्हेशन’ पाहा. तिथे ‘युवर ऑर्गनायझेशन्स ॲक्टिव्हेशन सर्व्हिस’ असे शब्द दिसले, तर समजा की हा क्रॅक, म्हणजे फसवून मिळवलेला परवाना, आहे. ॲक्टिव्हेशनची ही सोय मोठ्या कंपन्यांच्या शेकडो संगणकांसाठी असते. तिची मुदत १८० दिवसांची असते आणि ती पुन्हा पुन्हा वाढवावी लागते. घरच्या लॅपटॉपवर हे वाढवण्याचे काम एक छोटा प्रोग्रॅम गुपचूप करत बसतो. मग ‘विंडोज सिक्युरिटी’मध्ये ‘व्हायरस अँड थ्रेट प्रोटेक्शन’च्या सेटिंग्ज उघडून अगदी खाली ‘एक्सक्लुजन्स’ पाहा. तिथे एखादे फोल्डर किंवा अख्खा सी ड्राइव्ह लिहिलेला असेल, तर अँटीव्हायरसला तिकडे बघूच नको, असे सांगून ठेवलेले आहे. क्रॅक टाकताना बहुतेकदा हे करावे लागते. दुकानदाराचा हेतू वाईट असतो असे नाही. त्याने कुठून तरी उतरवलेल्या फाइलमध्ये आणखी काय आहे, हे त्यालाही ठाऊक नसते.

लोक बुडतात ते इथे. अशा फायलींतून, तसेच फुकटच्या गेममधून आणि चीटमधून माहितीचोर प्रोग्रॅम येतात. ते पडद्यावर काहीही दाखवत नाहीत. ब्राउझरमध्ये साठवलेले पासवर्ड, कार्डांचे तपशील आणि लॉगिनच्या कुकीज उचलून बाहेर पाठवतात. चालू लॉगिनची कुकी हाती आली की चोराला पासवर्ड लागत नाही, ओटीपीही लागत नाही. मे २०२५ मध्ये मायक्रोसॉफ्टने ‘लुमा’ नावाच्या अशाच एका प्रोग्रॅमविरुद्ध कारवाई केली. त्याआधीच्या दोनच महिन्यांत त्याने ३ लाख ९४ हजारांहून अधिक संगणक बाधित केल्याचे कंपनीने सांगितले होते.

आता कंसातल्या वाक्याकडे या. तुम्ही पासवर्ड बदलला, बहुधा याच लॅपटॉपवरून. म्हणजे कुलूप बदलले आणि नवी किल्ली चोराच्या हातात दिली. इशारा पुन्हा आला तो त्यामुळेच, असे धरून चाला. मेल दुसऱ्याच्या हाती गेला की तुमचे पॅन-आधारचे स्कॅन आणि डीमॅटची विवरणे त्याच्यासमोर उघडी पडतात, इतर खात्यांचे पासवर्ड रीसेट करायच्या लिंकही तिथेच येतात. मुलाने गेम घेण्यासाठी क्रेडिट कार्डावर आंतरराष्ट्रीय व्यवहार सुरू केले असतील तर धोका आणखी मोठा, कारण परदेशी संकेतस्थळे अनेकदा ओटीपी मागतच नाहीत.

पैसे गेले तर बँक देईल, या भरवशावर राहू नका. रिझर्व्ह बँकेने ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकात घालून दिलेला नियम ग्राहकाच्या बाजूचा आहे : चूक ना बँकेची ना तुमची आणि बँकेचा संदेश आल्यापासून तीन कामकाजी दिवसांत कळवले, तर तोशीस तुम्हाला नाही. पण नुकसान ग्राहकाच्या निष्काळजीपणामुळे झाले असेल, तर कळवेपर्यंतचे सगळे नुकसान ग्राहकाचे. अँटीव्हायरस बंद करून चोरीचे विंडोज चालवणारा ग्राहक बँकेच्या वकिलापुढे कसा टिकेल, हे तुम्हीच पाहा. आणि तुमची ही रक्कम निवृत्तीची आहे, पुन्हा कमावता येणारी नाही.

म्हणून आजच, मोबाइलवरून, लॅपटॉपला हात न लावता, आधी जीमेलचा, मग बँक आणि डीमॅटचा पासवर्ड बदला. गुगल खात्यात ‘युवर डिव्हायसेस’मध्ये जाऊन अनोळखी उपकरणे आणि हा लॅपटॉप, दोन्ही साइन आउट करा. कार्डाचे आंतरराष्ट्रीय व्यवहार बंद करा. खात्यात अनोळखी व्यवहार दिसला तर त्याच क्षणी बँकेला आणि १९३० या सायबर हेल्पलाइनला फोन.

मग लॅपटॉप. आहे त्यावरच विंडोज ११ चढवू नका. तुमची कागदपत्रे राहतील, पण चोरही राहील. नवी एसएसडी बसवा, दुसऱ्या चांगल्या संगणकावर मायक्रोसॉफ्टच्या साइटवरून पेनड्राइव्ह तयार करा आणि कोरे विंडोज टाका. लॅपटॉप डॉसचा होता, म्हणजे परवाना विकत घ्यावा लागेल. तो रिटेल घ्या, पुढे नव्या लॅपटॉपवर नेता येतो. बायोसमध्ये टीपीएम आणि सिक्युअर बूट चालू असू द्या. दुकानातून जुन्या लेगसी पद्धतीने टाकलेल्या विंडोजवर सिक्युअर बूट चालत नाही, आणि विंडोज ११ वर या दोन्हींशिवाय व्हॅलोरंट सुरूच होत नाही. ‘व्हॅन ९००३’ ही चूक दिसते ती त्यामुळेच. मुलाला हे सांगा, तो तुमच्या बाजूला येईल. त्याला रागावू मात्र नका. रागावलात तर काय काय डाउनलोड केले ते तो लपवेल, आणि तेच तर आपल्याला कळायला हवे आहे. त्याच्यासाठी ॲडमिनिस्ट्रेटरचे अधिकार नसलेले वेगळे खाते उघडा. तुमचे बँकेचे काम यापुढे मोबाइलवरच.

ऑनलाइन ३००-४०० रुपयांना मिळणाऱ्या विंडोजच्या की : घेऊ नका. कोणीतरी कापून हलके केलेले ‘गेमिंग एडिशन’ विंडोज : अजिबात नाही. लिनक्सवर व्हॅलोरंट चालत नाही. कर्ज काढून गेमिंग लॅपटॉप : निवृत्तीच्या तोंडावर नको.

कागदपत्रांचे विचारलेत. जुनी हार्ड डिस्क फेकू नका. नव्या विंडोजचे सगळे अपडेट झाल्यावर ती यूएसबी केसमध्ये घालून जोडा, आधी स्कॅन करा आणि फक्त फोटो, पीडीएफ व एक्सेलच्या फायली घ्या. सेटअपच्या फायली आणि गेमची फोल्डरे तिथेच राहू द्या. आणखी एक : नव्या विंडोजमध्ये मायक्रोसॉफ्ट खात्याने साइन इन केले की डिस्कचे एन्क्रिप्शन बहुधा आपोआप सुरू होते. त्याची ४८ अंकी रिकव्हरी की त्याच दिवशी कागदावर उतरवून बँकेच्या पासबुकात ठेवा. ती कुठेच सापडली नाही आणि लॅपटॉपने मागितली, तर तुमची रिटर्न कोणालाही उघडून देता येणार नाहीत.