पराभवाची उमेदवारी

निवडणूक म्हणजे जयपराजयाचा निवाडा, अशी सर्वसाधारण समजूत आहे. तथापि आपला विजय संभवत नाही हे पुरते जाणूनही उमेदवारी अर्ज भरणारे लोक भारतीय लोकशाहीच्या आरंभापासून आढळतात. १९५२ च्या राष्ट्रपतिपदाच्या निवडणुकीत डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्याविरुद्ध संविधान सभेचे सदस्य राहिलेले अर्थशास्त्रज्ञ प्रा. के. टी. शहा उभे राहिले. २००२ मध्ये डॉ. अब्दुल कलाम यांच्याविरुद्ध कॅप्टन लक्ष्मी सहगल उभ्या राहिल्या. अशा उमेदवारीने निकाल बदलत नाही. मतभेद मात्र अधिकृत नोंदीत कायम राहतो.

याहून निराळा प्रकार म्हणजे सामुदायिक उमेदवारी. अर्ज-विनंत्या करूनही शासन दाद देत नाही, तेव्हा पीडित लोक मतपत्रिकेलाच गाऱ्हाण्याचा कागद बनवितात. १९९६ हे वर्ष या दृष्टीने विशेष उल्लेखनीय होय. आंध्र प्रदेशातील नलगोंडा जिल्ह्यात पिण्याच्या पाण्यातील फ्लोराइडमुळे अनेकांची हाडे वाकली होती. तेथे लोकसभेसाठी ४८० उमेदवार उभे राहिले. बेळगाव मतदारसंघात सीमाप्रश्नाकडे देशाचे लक्ष वेधण्यासाठी मराठी भाषकांनी हाच मार्ग अवलंबिला व उमेदवारांची संख्या ४५६ वर गेली. तमिळनाडूतील मोडकुरिची या विधानसभा मतदारसंघात तर शेतकऱ्यांच्या निषेधामुळे १,०३३ उमेदवार झाले. मतपत्रिकेची पुस्तिका छापावी लागली आणि मतदान महिनाभर लांबणीवर पडले.

हे शक्य झाले, याचे एक कारण अनामत रकमेत सापडते. १९५१ च्या लोकप्रतिनिधित्व कायद्यान्वये लोकसभेसाठी ५०० रुपये व विधानसभेसाठी २५० रुपये अनामत भरावी लागे. एकूण वैध मतांच्या एकषष्ठांशाहून अधिक मते न मिळाल्यास पराभूत उमेदवाराची ही रक्कम जप्त होई. ज्या काळी हे आकडे ठरले, त्या काळी ते लहान नव्हते. पुढील साडेचार दशकांत पैशाचे मोल घटत गेले, आकडे मात्र तेच राहिले.

१९९६ मध्येच कायद्यात दुरुस्ती होऊन या रकमा अनुक्रमे १०,००० व ५,००० रुपये झाल्या. अनुसूचित जाती-जमातींच्या उमेदवारांसाठी त्या निम्म्या ठेवण्यात आल्या. मान्यताप्राप्त पक्षाचा पाठिंबा नसलेल्या उमेदवारास दहा सूचक आणणे आवश्यक ठरले. १९९६ मध्ये लोकसभेसाठी १३,९५२ उमेदवार होते. १९९८ मध्ये ते ४,७५० वर आले.

या निर्बंधांमागील कारणे क्षुल्लक नव्हती. केवळ नामसाधर्म्यामुळे मते फोडण्यासाठी उभे केलेले उमेदवार असतात. शिवाय दुरुस्तीपूर्वी मतदानाच्या आधी कोणाही उमेदवाराचा मृत्यू झाल्यास तेथील मतदान रद्द करावे लागे. परंतु अनामतीची चाळणी हेतू पाहत नाही, ऐपत पाहते. मते फोडण्यासाठी उमेदवार उभा करणाऱ्या धनिकास दहा हजार रुपये जड नसतात. गाऱ्हाणे मांडू पाहणाऱ्या शेतमजुरास ते जड असतात.

निर्बंधांनी ही वाट अरुंद झाली, तरी बंद झाली नाही. २०१९ मध्ये लोकसभेची अनामत २५,००० रुपये झालेली असतानाही तेलंगणातील निजामाबाद येथे १८५ उमेदवार रिंगणात होते व त्यांपैकी १७८ शेतकरी होते. हळदीला रास्त भाव आणि स्वतंत्र हळद मंडळ या त्यांच्या मागण्या होत्या. प्रत्येक मतदान केंद्रावर बारा मतदान यंत्रे जोडावी लागली. त्या शेतकऱ्यांपैकी कोणीही निवडून आला नाही. पुढे २०२५ च्या जानेवारीत राष्ट्रीय हळद मंडळ सुरू झाले व त्याचे मुख्यालय निजामाबाद येथेच ठेवण्यात आले. ते केवळ या उमेदवारांमुळे झाले असे म्हणता येणार नाही. पण त्या मागणीची दखल देशभर घेतली गेली, ती त्या बारा यंत्रांमुळे. म्हणूनच अनामतीचा आकडा ठरविताना किती अर्ज कमी झाले एवढेच पाहणे पुरेसे नाही. कोणाचे अर्ज कमी झाले, हेही पाहिले पाहिजे.