परदेशी नोकरी आणि भरती दलाल

रत्नागिरी जिल्ह्यातील अनेक घरांचा संसार बाहेरगावच्या मिळकतीवर चालत आला आहे. मुंबईच्या गिरण्या आणि जहाजावरील खलाशीकाम यांच्या पाठोपाठ १९७० नंतरच्या दशकात आखाती देशांची वाट खुली झाली. एकाने दुसऱ्याला न्यावे, अशा ओळखीपाळखीतून ती रुळली. आज फसवणूक होते ती बहुधा याच विश्वासाच्या आधारे. दारी येणारा दलाल कोणाचा तरी ओळखीचाच असतो, म्हणून त्याच्याजवळ कागद मागणे घरच्यांना अवघड वाटते.

तो कागद मात्र मागितलाच पाहिजे. १९८३ च्या उत्प्रवास अधिनियमानुसार केंद्र शासनाच्या नोंदणी प्रमाणपत्राशिवाय कोणालाही परदेशी नोकरीसाठी भरती करता येत नाही. प्रमाणपत्राचा क्रमांक ‘ई-मायग्रेट’ या शासकीय संकेतस्थळावर पडताळता येतो. नोंदणीकृत संस्थेच्या सेवाशुल्काची मर्यादा ३०,००० रुपये असून करासह ती ३५,४०० रुपये होते. रकमेची पावती देणे बंधनकारक आहे. पावतीविना लाखाची मागणी झाली की निराळ्या पुराव्याची गरज उरत नाही. या अधिनियमात विनापरवाना भरतीस दोन वर्षांपर्यंत कैद व दोन हजार रुपयांपर्यंत दंड सांगितला आहे; दलालाच्या कमाईपुढे दंडाची ही रक्कम नगण्यच म्हणावी लागेल.

दुसरी खूण व्हिसाची. ‘तूर्त पर्यटक म्हणून जा, तिकडे बदलून घेऊ’ असे सांगून पाठविलेल्या तरुणाला तेथे काम करण्याचा कायदेशीर हक्कच नसतो. दहावी अनुत्तीर्णांना आखाती देशांत नोकरीस जाताना उत्प्रवास परवानगी लागते. उत्तीर्णांना ती लागत नाही. शासकीय तपासणीचा हा टप्पा त्यांच्या बाबतीत गळत असल्याने शिक्षकांनी अशा विद्यार्थ्यांना आवर्जून सावध करावे. २०२२ मध्ये थायलंडमधील संगणकविषयक नोकरीच्या आमिषाने गेलेले भारतीय तरुण म्यानमारमध्ये डांबले गेले, तेही शिकलेले होते.

जहाजावरील नोकरीचा नियम आणखी स्पष्ट आहे. तेथे नौवहन महासंचालनालयाचा भरती परवाना लागतो आणि नोकरी मिळवून देण्याबद्दल उमेदवाराकडून शुल्क घेता येत नाही. पारपत्र, खलाशी पुस्तिका व वैद्यकीय प्रमाणपत्र यांचा खर्च तेवढा त्याचा.

ग्रामपंचायतीच्या फलकावर एवढा मजकूर लावता येईल. पैसे ऑनलाइन गेले असल्यास १९३० या क्रमांकावर तत्काळ कळवावे. रोख दिले असल्यास पोलीस ठाण्यात तक्रार करताना नेमणूकपत्र, संदेश व साक्षीदारांची नावे सोबत न्यावीत.