पाण्यातून गाडी काढलीस? मग चाकाचं ऐक

अगं, पावसाळ्यात नाहूरहून भांडुपकडे एलबीएस रोडने स्कूटर काढायची म्हणजे कधी ना कधी चाक पाण्यात जाणारच. घरी आल्यावर आपण काय बघतो? ब्रेक लागतोय ना, गाडी चालू होतेय ना, डिकीत पाणी शिरलं नाही ना. चाकाच्या पोटातल्या बेअरिंगकडे कुणाचं लक्षच जात नाही. मग काही आठवड्यांनी तेच गुरगुरायला लागतं.

पुढच्या चाकाचा एक्सल फिरत नाही, चाक त्याच्याभोवती फिरतं. हबच्या दोन्ही बाजूंना एकेक बेअरिंग असतं आणि मधे स्पेसर. बेअरिंगला रबरी सील असतं खरं, पण ते धूळ आणि शिंतोडे अडवायला. बुडालेल्या चाकाचा भरवसा त्याच्यावर टाकू नकोस. ट्रॅफिकमध्ये सारखा ब्रेक दाबून ड्रम आणि हब तापलेले असतात. ते एकदम गार पाण्यात गेले की आतली हवा आकसते आणि सीलच्या कडेने पाणी आत ओढलं जातं. परदेशात ट्रेलरवरून होडी पाण्यात सोडणाऱ्यांना हे दुखणं चांगलं माहीत असतं. ट्रेलरची चाकंच पाण्यात घालावी लागतात, म्हणून आधी हब गार होऊ देतात आणि दरवर्षी बेअरिंग उघडून नवं ग्रीस भरतात. आपल्याला तुंबलेल्या रस्त्यात थांबायची सोय नाही, तेव्हा नंतर तपासणं तरी आपल्या हातात आहे.

तपासायचं असं. इंजिन बंद कर, गाडी डबल स्टँडवर घे आणि कुणाला तरी मागचं कॅरिअर खाली दाबायला सांग, म्हणजे पुढचं चाक उचललं जाईल. एका हाताने चाक फिरव, दुसरा हात फोर्कवर ठेव. बेअरिंग चांगलं असेल तर हाताला काही जाणवत नाही. गेलं असेल तर खरखर जाणवते, वाळूचे कण भरडल्यासारखी. मग चाक वर-खाली आणि डावी-उजवीकडे धरून हलव. चाक फोर्कमध्ये हललं तर बेअरिंग किंवा एक्सलचा नट बघायचा. फोर्कसकट हललं तर हँडलचा कोनसेट बघायचा. रस्त्यावरची खूण सोपी आहे: वेग वाढला की गुरगुर वाढते आणि अ‍ॅक्सिलरेटर सोडला तरी लगेच थांबत नाही.

मागच्या चाकाचं गणित वेगळं. बहुतेक स्कूटरमध्ये ते गिअरबॉक्सच्या शाफ्टवर बसतं. तिथे पाणी शिरलं की गिअर ऑइल दुधाळ होतं. पाण्यातून गाडी गेली असेल तर ते ऑइल काढून बघायला सांगच.

गॅरेजमध्ये कुणी म्हणेल, ‘काही नाही ताई, टायरचा आवाज आहे.’ तू शांतपणे म्हण, चाक काढून दाखवा. बेअरिंग बदलायचं ठरलं तर दोन्ही एकदम बदलून घे, सीलही नवं. मधला स्पेसर परत बसवला का, ते स्वतः बघ. तो राहिला तर नट आवळल्यावर सगळा ताण बेअरिंगवर येतो आणि नवंही लवकर वाजतं. बसवताना जोर बाहेरच्या कड्यावर द्यायचा असतो. आतल्या कड्यावर हातोडी मारली की गोट्यांच्या वाटेवर खड्डे पडतात. बंद सीलचं बेअरिंग रॉकेलमध्ये धुऊन परत घालू देऊ नकोस, ते काम जुन्या उघड्या बेअरिंगचं. वॉशिंगवाल्यालाही सांग, पाण्याचा जेट थेट एक्सलवर मारू नको.

माल अस्सल घे आणि बिल माग. एसकेएफसारख्या कंपनीचा कारखाना आपल्या चिंचवडलाच आहे, चांगलं बेअरिंग मिळत नाही असं मुंबईत होत नाही. नकली डबेही बाजारात असतात, म्हणून ओळखीच्या दुकानातूनच घे.

बेअरिंग सहसा एका दिवसात दगा देत नाही, आधी बरेच दिवस वाजून सांगतं. तेव्हा चाक पाण्यात बुडालं की त्याच आठवड्यात ते फिरवून बघ. आवाज वाढलेला असताना, चाक हलत असताना मुलांना मागे बसवून हायवेवर मात्र जाऊ नकोस. त्या दिवशी रिक्षा कर, गाडी गॅरेजला दे.